परदेशातलं कोणतं शहर मनात बसलं आणि कोणतं नकोसं झालं? कोकणवाल्यांनो, कारणासकट सांगा

सुरंगी (वेंगुर्ले)

नमस्कार मंडळी.

आपल्या किनाऱ्यावरची माणसं जगभर पोचली आहेत. कुणी बोटीवर, कुणी आखातात नोकरीला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, आणि हल्ली नुसतं फिरायला जाणारेही पुष्कळ. पण वाचायला मिळतं ते बहुतेक एकाच साच्यातलं. म्हणून हा धागा. सगळ्यात आवडलेलं एक शहर आणि सगळ्यात नावडलेलं एक शहर सांगा. देश नको, शहर. स्वतः पाहिलेलंच हवं, आणि कारण हवंच.

सुरुवात मी करते.

आवडतं: लिस्बन. जूनमध्ये गेलो होतो. १२ जूनच्या रात्री सेंट अँथनीचा उत्सव असतो. आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत घराघरांपुढे कोळशाच्या शेगड्या मांडतात आणि अख्ख्या तारल्या भाजतात. पोट साफ केलेलं नाही, मसाला नाही, फक्त जाडं मीठ. पावाच्या तुकडीवर ठेवून हातात देतात. माशाचं तेल पावात मुरतं, मासा संपला की तो पाव खायचा. आमच्याकडे तारली गरिबाची मासळी म्हणून पाहुण्याच्या पानात वाढायला लाजतात. तिथे तिच्यासाठी अख्खं शहर रात्रभर जागं असतं.

वाणसामानाच्या दुकानात बाकालाव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड, थप्प्या लावून ठेवलेला असतो. फळीएवढा मासा, दुकानदार पात्याने तुकडे करून देतो. घरी नेऊन एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा. हा मासा त्यांच्या समुद्रातला नाहीच, बराचसा नॉर्वेकडून येतो, तरी सणाच्या जेवणात तोच. सुकी मासळी म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी लिस्बनला जरूर जावं.

२८ नंबरची ट्राम सगळे सुचवतात. सकाळी लवकर गेलात तर ठीक, नंतर नुसती चेंगराचेंगरी आणि खिसेकापू. त्यापेक्षा काइश दु सुद्रेच्या धक्क्याहून नदीपलीकडच्या काशीलयाशला जाणारी साधी फेरीबोट घ्या. कामावरून घरी निघालेली माणसं असतात आणि पाण्यावरून सगळं शहर दिसतं. फरसबंदी गुळगुळीत चुनखडीची आहे, पाऊस पडला की पाय घसरतो. चांगल्या तळव्याच्या चपला न्या.

नावडतं: व्हेनिस. कुरूप मुळीच नाही. पण जुन्या बेटांवर आता पन्नास हजारांहूनही कमी माणसं राहतात आणि गर्दीच्या दिवशी पाहुणेच त्याहून जास्त असतात. २०२४ च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांकडून पाच युरो घ्यायला लागले. रिआल्तोचा मासळी बाजार नावाजलेला, तिथे मोजकेच ठेले उरलेत, बाकी फोटो काढणारे. आम्ही स्वतः दोन खोल्या पाहुण्यांना देतो, म्हणून मला ते जास्त लागलं. किराणा दुकान जाऊन मुखवट्यांचं दुकान येतं, मग शेजारी घर विकतो, मग शाळेत पोरं कमी होतात. आपल्या किनाऱ्यावर हे व्हायला नको असं मला मनापासून वाटतं.

रत्नदुर्ग

छान धागा, ताई.

आवडतं: मंडाले. रत्नागिरीत वाढलेल्याला कारण विचारायला नको, तरी सांगतो. शाळेची सहल थिबा पॅलेसला जायची. ब्रह्मदेशचा राजा, १८८५ च्या युद्धात हरला, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला, १९१६ मध्ये इथेच वारला, एवढं पाठ होतं. त्याचं मूळ घर कसं होतं ते बघायची इच्छा तेव्हापासूनची. २०२१ च्या लष्करी उठावाआधी योग आला.

मंडालेचा राजवाडा म्हणून आज जो दाखवतात तो १९९० च्या दशकात पुन्हा बांधलेला आहे, कारण मूळ वाडा मार्च १९४५ मध्ये लढाईत जळून गेला. चौकोनी तटबंदी आणि भोवतीचा रुंद खंदक मात्र जुना. खरं बघायचं ते तटाबाहेर: श्वेनंदॉ मठ. ही इमारत आधी राजवाड्याच्या आत होती. मिंडोन राजा तिच्यात वारला, आणि थिबाने बापाच्या मृत्यूनंतर ती सुटी करून बाहेर हलवली आणि मठाला दिली. म्हणून ती १९४५ च्या आगीतून वाचली. सगळी सागवानी. दारं, कठडे, छपराच्या कडा, बोटभर जागा कोरीवकामाशिवाय नाही. बाहेरचं लाकूड उन्हापावसाने करडं झालंय, आत अजून सोनेरी मुलामा दिसतो. मी एका खांबाला हात लावून बराच वेळ उभा होतो. ज्याची कबर आमच्या शिवाजीनगरात आहे, त्याच्या हुकमाने हलवलेलं हे घर.

आणि दुसरी बाजू. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा लोकमान्य मंडालेत, एकाच सरकारने एकाच काळात ठेवलेले. हे तिथल्या एका म्हाताऱ्या गाइडला सांगितलं तर तो गाडी थांबवून ऐकत बसला.

एक खटकलं. महामुनी बुद्धाच्या मूर्तीला सोन्याचा वर्ख लावायला फक्त पुरुषांना वर सोडतात. बायकोला खाली बसून पडद्यावर बघावं लागलं. तिला राग आला, आणि तो योग्यच होता.

सध्या कुणाला जा म्हणणार नाही. देशात लढाई चालू आहे, त्यात २८ मार्च २०२५ च्या भूकंपाचा सगळ्यात मोठा तडाखा मंडाले आणि सगाईंगलाच बसला. बातमी आली त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नावडतं: कैरो, त्यातही गिझाचा परिसर. पिरॅमिडसमोर दोन मिनिटं शांत उभं राहू देत नाहीत. उंटवाला, घोडावाला, 'फुकट' म्हणून डोक्याला फडकं बांधणारा, नंतर पैसे मागणारा. तिथलं नवं मोठं संग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडलं, त्याच्यासाठी कुणी गेलं तर समजू शकतो.

चाकरमानी_गिरगाव

आवडतं सिंगापूर. आई-वडिलांना घेऊन गेलो होतो. फुटपाथ सलग, बसायला बाक, हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्या) स्वस्त आणि स्वच्छ जेवण. बाबांच्या गुडघ्यांना कुठे त्रास झाला नाही. एवढं एक कारण मला पुरतं.

नावडतं दुबई. उंच इमारती, मॉल, आणि प्रत्येक गोष्टीला तिकीट. चालायला रस्ता नाही. पुन्हा जाणार नाही.

खाडीकाठ (दाभोळ)

चाकरमानीभाऊ, तुमचं मत तुमच्यापाशी, पण दुबईबद्दल दोन शब्द बोलू द्या. आमच्या पंचक्रोशीतली अर्धी पक्की घरं, मुलींची लग्नं, पोरांची कॉलेजं त्या एका शहराच्या पगारावर झाली आहेत. मॉल बघून परत आलात तर शहर बघितलंच नाहीत. पुढच्या वेळी क्रीकवर, म्हणजे शहरामधल्या खाडीवर जा. बर दुबईहून देराला अब्रा नावाची लाकडी होडी जाते, भाडं एक दिरहम. पलीकडे धक्क्यावर लाकडी गलबतं लागलेली असतात, इराणकडे, सोमालियाकडे जाणारी. फ्रीज, टायर, तांदळाची पोती, सगळं उघड्यावर रचलेलं. खलाशी तिथेच स्टोव्हवर चहा करतात. आमच्या बंदरातून जुन्या काळी माल कसा जात असेल ते मला तिथे बसून कळलं.

उन्हाचं म्हणाल तर ते खरं आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने मनाई आहे, यावरून अंदाज घ्या. ज्या महिन्यात मजुरालासुद्धा बाहेर उभं करत नाहीत त्या महिन्यात सहल काढू नका. डिसेंबरात जा.

माझं स्वतःचं आवडतं शहर मात्र दुसरं: केप टाउन. रायगड-रत्नागिरीतली कोकणी मुसलमान कुटुंबं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिथे गेली आणि स्थायिक झाली. आमच्या आजीच्या माहेरचे लोक आहेत. रायलँड्स भागात त्यांच्याकडे उतरलो. चौथी पिढी आहे, बोलणं इंग्रजी, पण जेवणात अजून आपला हात. मावशींनी माझ्या आजोळच्या गावचं नाव घेतलं, स्वतः कधी न बघितलेल्या. वर्णभेदाच्या काळात कायद्याने माणसं रंगावरून वस्त्यांत वाटली, १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने. म्हणून ही मंडळी त्या एकाच भागात. डिस्ट्रिक्ट सिक्स या उठवलेल्या वस्तीचं म्युझियम बघाच. तिथे जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा आहे आणि हुसकावलेल्या लोकांनी आपापलं घर कुठे होतं ते त्याच्यावर लिहिलंय.

टेबल माउंटनची केबल कार वाऱ्यामुळे बंद ठेवतात, त्यामुळे पहिलाच स्वच्छ दिवस मिळाला की वर जाऊन या, उद्यावर टाकू नका. संध्याकाळनंतर पायी फिरू नका, हे तिथलेच लोक बजावतात. आणि २०१८ च्या पाणीटंचाईत माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा होती. नातेवाइकांच्या घरात अजून न्हाणीघरात बादली ठेवलेली दिसते, शॉवरचं पाणी धरायला.

चाकरमानी_गिरगाव

खाडीकाठ, क्रीकवर गेलोच नव्हतो. टूरवाल्यांनी नेलं नाही. डिसेंबरात पुन्हा विचार करतो.

देवबाग

माका इचारशात तर मस्कत. थंय बरीच वरसां कामाक होतंय. सगळी घरां पांढरी, उंच टॉवर नाय, मागे काळे डोंगार आनि पुढे दर्या. मत्राच्या मासळी बाजारात सकाळी गेल्यार जीव सुखावता. सुरमयीक थंय कनाद म्हणतत.

एक गजाल सांगतंय. ओमानात १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमय मारूक बंदी असता. एकाच माशाची येगळी बंदी. आमच्या हंय १ जून ते ३१ जुलै सगळ्याच यांत्रिक होड्ये वर काढतत, पन सुरमय अंड्यार असताना येगळी सांभाळूची ह्यो इचार नाय. चिमटीएवढी सुरमय बाजारात बघलंय काय माका मस्कताची याद येता. पर्यटकांका पन माजा सांगणा, ल्हान सुरमय पानात इली तर परत धाडा.

रत्नदुर्ग

देवबाग, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन.

जहाजी

बोटीवरच्या माणसाला शहरं निराळी दिसतात. लोकांना वाटतं आम्ही जग बघतो. खरं म्हणजे कंटेनर जहाज बंदरात काही तास थांबतं, धक्के गावापासून मैलोगणती लांब, आणि गेटबाहेर जायला टॅक्सी करायची तर जाऊन-येऊन सुट्टीच संपते. सिंगापूरसमोर नांगर टाकून रात्रभर दिवे बघितलेत, पाय लावलेला नाही. अमेरिकेत तर व्हिसा नसेल तर गँगवेच्या, म्हणजे जहाजाच्या शिडीच्या, खाली उतरता येत नाही.

म्हणून माझं नावडतं: ह्यूस्टन. शहराशी वैर नाही. पण तिथल्या टर्मिनलमधून बाहेर पडायला गाडी सांगायची, सोबत माणूस घ्यायचा, कागद दाखवायचे. सहा महिने समुद्रावर राहिलेल्या माणसाला झाडाखाली दहा मिनिटं बसता येऊ नये, हे मला पटत नाही.

आवडतं: ब्राझीलचं सांतोस. बंदराची वाट अरुंद आहे आणि जहाज अगदी वस्तीला लागून आत शिरतं. किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं हाताच्या अंतरावर वाटतात. पोरं हात करतात, म्हातारे खुर्च्या टाकून बसलेले असतात, जहाज चालवतात त्या ब्रिजवरून त्यांच्या हातातला शहाळ्याचा स्ट्रॉ दिसतो. जगात बंदरं बघितली, पण जहाज आलं म्हणून खूश होणारं गाव हे एकच. उतरायला मिळालं तर चौपाटीलगतची बाग बघा, पाच किलोमीटरहून लांब आहे. आणि जुन्या शहरातली कॉफीच्या लिलावाची इमारत, १९२२ ची. आता ती म्युझियम आहे, तळमजल्यावर कॉफी मिळते. ब्राझीलची कॉफी पिढ्यान्‌पिढ्या याच बंदरातून जगात गेली.

अवांतर: ज्यांची मुलं बोटीवर आहेत त्यांनी त्यांना 'कुठे कुठे फिरलास' विचारू नका. 'उतरायला मिळालं का' विचारा.

पोफळी (गुहागर)

जहाजी, शेवटचं वाचून भावाला फोन केला.

सुरंगीताई, व्हेनिसबाबत मी तुमच्याशी सहमत नाही. मी जानेवारीत गेले होते. धुकं, थंडी, रिकाम्या गल्ल्या. कान्नारेज्जो भागात उतरले, स्टेशनपासून चालत. सकाळी शाळेत जाणारी मुलं, होडीतून भाजी उतरवणारा माणूस, बारमध्ये उभ्याने कॉफी पिणाऱ्या आजीबाई. सगळं जिवंत होतं. पाण्याचंही त्यांनी बरंच मनावर घेतलंय. खाजणाच्या तोंडाशी उचलता येणारे दरवाजे आहेत, २०२० च्या ऑक्टोबरपासून मोठ्या भरतीला ते उभे करतात. ऑगस्ट २०२१ पासून मोठी क्रूझ जहाजं शहराच्या मधल्या पाण्यात येऊ देत नाहीत. ज्या गावाने एवढं केलं त्याला नावडतं म्हणायला मन धजत नाही. दिवसाउजेडी येऊन संध्याकाळी निघून जाणारा पाहुणा त्या शहराला नकोसा असतो, मुक्काम करणारा नाही.

माझं नावडतं क्योटो, आणि तिथेही दोष शहराचा नाही. एप्रिलमध्ये साकुरा, म्हणजे चेरीचा फुलोरा, बघायला गेलो. गिओन या जुन्या वस्तीच्या गल्लीत गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणारी माणसं बघून शरम वाटली. २०२४ मध्ये तिथल्या खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या, ते योग्यच केलं.

सुरंगी (वेंगुर्ले)

पोफळी, तुमचं म्हणणं वाचून थांबले जरा. आम्ही जुलैत होतो आणि एकच रात्र. पण माझा मुद्दा तसाच राहतो: शाळेत जाणारी ती मुलं आणखी वीस वर्षांनी असतील का? क्रूझ बंद करणं सोपं, घरभाडं आवरणं कठीण. आमच्या वाडीत बाहेरच्यांनी घेतलेली घरं वर्षातून आठ-दहा दिवस उघडतात. मला याची भीती वाटते.

पोफळी (गुहागर)

या भीतीशी मात्र सहमत. गुहागरातही तेच.

परशुराम_घाट (चिपळूण)

मोठ्यांचा सल्ला हवा आहे. आई-बाबा दोघेही साठीपुढचे, पहिलीच परदेशवारी. आई शाकाहारी, बाबांना मासे लागतात. टूर कंपनीच्या पत्रकात थोडक्या दिवसांत पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम, सगळं आहे. घ्यावी का? की दुसरं काही सुचवाल?

चाकरमानी_गिरगाव

नको घेऊस. मामा-मामींना तशीच टूर करून दिली होती. रोज पहाटे बॅग बाहेर ठेवायची आणि बसमध्ये झोपायचं. कुठलं शहर बघितलं विचारलं तर हॉटेलांची नावं सांगतात. शिवाय शेंगेनच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) व्हिसाची फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो आहे, बोटांचे ठसे द्यायला मुंबईला खेप, आणि नकार आला तर ती फी गेली. सिंगापूर कर.

रत्नदुर्ग

मलेशियातलं जॉर्ज टाउन, पेनांग बेटावरचं, याचाही विचार कर. जुनं बंदर, चालण्याजोगं, जेवण स्वस्त. आईंना लिटल इंडियात शाकाहारी सहज मिळेल. पाण्यावर खांबांवर उभ्या चिनी कुळांच्या वाड्या आहेत. लोक अजून राहतात त्यांत, तेव्हा दारातून आत डोकावू नका.

खाडीकाठ (दाभोळ)

मी मॉरिशस सांगेन. पोर्ट लुई.

पोफळी (गुहागर)

मॉरिशसला माझाही कौल. हा धागा वाचताना मनात तेच येत होतं, कारण माझं आवडतं शहर पोर्ट लुई आहे. सांगायचं राहूनच गेलं.

परशुराम, नीट वाच. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर करारावर मजूर नेले, त्यात कोकणातलेही होते. ते ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट पोर्ट लुईमध्ये जपून ठेवलाय, २००६ पासून जागतिक वारशात आहे. दगडी पायऱ्या आहेत, त्या चढून लोक आत गेले, नोंदणी झाली आणि मळ्यांवर वाटले गेले. बाबांना तिथे सावकाश नेऊन आण, घाई करू नकोस.

मराठी समाज तिथे आजही आहे. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं. आणि आपली जाखडी ते अजून नाचतात, झाकरी म्हणतात तिला. मी देवळात बघितली. मध्ये ढोलकी आणि गाणारे, भोवती फेर, पायांचा ठेका आमच्या वाडीतल्यासारखाच. शब्द काही कळले, काही नाही. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, 'तुमच्याकडे अजून नाचतात ना?' मी हो म्हणाले, पण आमच्याकडे आता मुंबईहून पोरं आली तरच फेर पूर्ण होतो, ते बोलवेना.

खाण्याचं: सेंट्रल मार्केटजवळ दालपुरी मिळते, आत वाटलेली डाळ, वर वालाच्या जातीच्या दाण्यांची रस्सा भाजी आणि चटणी. आईंचं पोट भरेल. बाबांना मासे कुठेही.

परशुराम_घाट (चिपळूण)

ताई, आईला वाचून दाखवलं. ती म्हणते जायचं तर गणपतीतच जाऊ, तिकडचा गणपती बघू. बाबा म्हणतात घरच्या गणपतीला कुलूप लावून कुठे जायचं नाही. व्हिसाचं काय? आणि दुसरा कोणता काळ चांगला?

पोफळी (गुहागर)

बाबांचं बरोबर आहे, घरचा गणपती सोडू नका. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि हॉटेलचे कागद हाताशी ठेवा. जानेवारी ते मार्च तिकडे चक्रीवादळांचा काळ असतो, तो टाळा. गणपती विसर्जन झालं की ऑक्टोबरात निघा, हवा कोरडी असते. मुंबईहून थेट विमान आहे. उतरायला पोर्ट लुईतच जागा बघा, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात नको, नाहीतर बाजार आणि देऊळ दोन्ही लांब पडतील. देवळाचा पत्ता आणि आरतीची वेळ निरोपात पाठवते.